सात डब्यांवर अडलेलं इंजिन

भोर घाटाची चढण 37ला 1 आहे. 37 मीटर पुढं जाताना गाडी 1 मीटर वर चढते. 1863मध्ये हा मार्ग खुला झाला आणि आजही कर्जतला लांब गाड्यांच्या मागं बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं जोडली जातात. मुंबईत घरच्या प्लायवर छोटी मॉडेल रेल्वे उभारणाऱ्याला कधी ना कधी हा घाट करायची हुक्की येतेच. चढण तो हौसेनं तंतोतंत 37ला 1 ठेवतो आणि दहा डब्यांची गाडी अर्ध्यावर उभी राहते. इंजिनाची चाकं गरगर फिरताहेत, मोटर मजेत गुणगुणतेय, गाडी मात्र हलत नाही. मग मोटर कमजोर आहे असं ठरवून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात फेरी होते. ही फेरी बहुधा फुकट जाते, कारण चाकं फिरताहेत म्हणजे मोटरमध्ये जोर शिल्लक आहे. कमी पडतेय ती रुळावरची पकड.

पकडीचं हे दुखणं जुनं आहे, पण अगदी सुरुवातीपासूनचं नाही. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीनं 1891मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापाच्या रुळांवरची खेळण्यातली रेल्वे मांडली. तेव्हाची इंजिनं मोठी, पत्र्याची, किल्लीवर चालणारी. त्यांची अडचण वेगळी होती: पूर्ण किल्ली दिली की झटक्यात ओढ, आणि स्प्रिंग सैल होत गेली की दम संपला. रेल्वे टेबलावर मावावी म्हणून रुळांची रुंदी पुढं 16.5 मिलिमीटरवर आली. जर्मनीत 1935च्या सुमारास मेर्कलिन आणि ट्रिक्स, ब्रिटनमध्ये 1938 साली हॉर्नबी डब्लो. माप निम्मं केलं की आकारमान एक अष्टमांश होतं आणि त्याबरोबर वजनही, म्हणजे पकडही. डबेही तेवढेच हलके होतात हे खरं, पण आसातलं घर्षण, रुळावरचा मळ, वीज उचलणाऱ्या पट्ट्यांचा दाब त्या प्रमाणात घटत नाहीत. त्यात इंजिनाच्या पोटातली निम्मी जागा मोटर खाते.

त्या वेळच्या कारखान्यांनी सरळ उपाय केला: जस्ताच्या मिश्रधातूचं जड ओतीव अंग. ही इंजिनं आजही दणकट ओढतात, फक्त धातू शुद्ध असायला हवा. ओतताना जस्तात शिसं मिसळलं गेलं असेल, तर काही वर्षांनी ओतकाम फुगतं, तडकतं आणि चुऱ्यासारखं सुटतं. उष्ण, दमट हवेत हे लवकर होतं, म्हणजे आपल्याकडं जास्तच. जुनं इंजिन विकत घेताना चासी वाकलीय का, चाकं अडकतात का, कोपऱ्यांवर केसाएवढ्या भेगा आहेत का, हे उजेडात पाहावं. हा रोग दुरुस्त होत नाही.

युद्धानंतर प्लॅस्टिक आलं, किंमत उतरली आणि वजनही. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या ट्राय-अँग कंपनीनं त्यावर ‘मॅग्नाधेजन’ काढलं. इंजिनाखालचं चुंबक पोलादी रुळाला ओढून धरायचं. वजन न वाढवता पकड वाढवणारी ही युक्ती हुशारीची होती, पण ती पोलादी रुळावरच चालते. पोलादी रूळ मुंबईच्या पावसाळ्यात गंजतात, आणि गंजाचा कीस त्याच चुंबकाला चिकटून दातेरी चाकांत शिरतो. आज सगळीकडं मिळणारे निकेल सिल्व्हरचे रूळ चुंबकाला दाद देत नाहीत. त्यामुळं जुनं इंजिन नव्या रुळावर ठेवलं की ‘याची ताकद गेली’ असं वाटतं. बिचाऱ्याचं चुंबक हवेतच लोंबत असतं.

त्यानंतर जोर आला तो चाकावरच्या रबरी कड्यांना. एक-दोन चाकांना खाच पाडून त्यात पातळ रबर बसवलं की ओढ ठळक वाढते. इटलीच्या लिमा कंपनीनं आणि हॉर्नबीनं ही पद्धत घरोघर नेली. हॉर्नबीनं तर काही वाफेच्या इंजिनांत मोटर मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात घातली, म्हणजे टेंडर ढकलणार आणि इंजिन नुसतं शोभेला पुढं. रबराची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. रबरी चाक वीज उचलत नाही, त्यामुळं सांध्यांवर गाडी अडखळते. आणि काही वर्षांत रबर कडक होऊन चाकातून सैल फिरतं किंवा चिकट होऊन रुळावर काळा थर सोडतं.

अमेरिकेत डिझेल इंजिनांचे नमुने जास्त, म्हणून तिथं एथर्नसारख्या कंपन्यांनी वेगळी वाट धरली: मोटर मध्ये, दोन्ही बोगींची (इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटींची) सगळी चाकं चालती, म्हणजे मोटरनं फिरणारी, आणि उरलेल्या पोकळीत धातूचे ठोकळे. रबर नाही, चुंबक नाही. आमच्या मते हीच पद्धत सर्वांत निरोगी. वाफेच्या बारीक इंजिनात मात्र तेवढी पोकळी नसते. म्हणूनच आजची नक्षीदार वाफेची इंजिनं गोड चालतात, पण जुन्या धातूच्या धुडांपेक्षा कमी डबे ओढतात.

आता घाटाचा हिशेब. एचओ मापाचं (16.5 मिलिमीटर रुळांवरचं), सगळी चाकं चालती असलेलं इंजिन 350 ग्रॅमचं धरू. धातूच्या चाकाची धातूच्या रुळावर पकड वजनाच्या साधारण 22 टक्के धरली, तर ओढ 77 ग्रॅम. भारतीय रेल्वेचा आयसीएफ डबा या मापात 25 सेंटिमीटरच्या आत-बाहेर येतो. मॉडेल रेल्वेवाल्यांची अमेरिकन संघटना एनएमआरएच्या शिफारशीनुसार (1 औंस, अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस) त्याचं वजन 165 ग्रॅमच्या आसपास हवं. डब्याच्या वजनाच्या अडीच टक्के घर्षण धरलं, तर सपाटीवर 18 डबे निघतात. 37ला 1 चढणीवर आणखी 2.7 टक्के भार येतो. शिवाय इंजिनाला स्वतःला वर न्यायला साडेनऊ ग्रॅम जातात. उरले 7 डबे. घाट वळणावर असेल आणि वळणाचा दीड टक्का धरला, तर 6.

अंदाजापेक्षा मोजणं बरं. सराफाकडं असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर 200 ग्रॅमचं वजन ठेवा. वजनाला बांधलेला दोरा सरळ वर नेऊन गुळगुळीत कप्पीवरून डबे जोडणाऱ्या कपलिंगच्या उंचीला आडवा आणा आणि इंजिनाला बांधा. वीज वाढवत न्या. चाकं घसरायला लागली की काटा वाचा. 200चे 130 झाले असतील, तर ओढ 70 ग्रॅम.

आकडा कमी आला तर वजन वाढवावं. टायरवाल्यांकडं चाक बॅलन्स करायची 5 आणि 10 ग्रॅमची चिकट वजनं मिळतात, ती कवचाच्या आत नेमकी बसतात. शिशाची असतील तर हाताळून झाल्यावर हात धुवावेत. वजन चालत्या चाकांच्या बरोबर मध्यावर पडलं पाहिजे. एका टोकाला गेलं तर दुसऱ्या टोकाची चाकं नुसती फिरतात. थांबायचं कुठं? गाडी धरून पूर्ण वीज दिल्यावरही चाकं घसरत राहिली पाहिजेत. ती घसरायच्या ऐवजी अडकून बसली, तर मोटर जळते. डीसीसी डिकोडर (इंजिनातली डिजिटल नियंत्रणाची चकती) असेल तर तोही, कारण अडकलेली मोटर सर्वांत जास्त करंट खेचते.

डब्यांकडंही बघा. एका उतरत्या फळीवर प्रत्येक डबा सोडून पाहिला की जड चालणारे दोन-तीन लगेच कळतात. आस घासत असतो किंवा चाकांत केस गुंतलेले असतात. असा एक डबा तीन चांगल्या डब्यांएवढी ओढ खातो. मात्र डबे हलके करून सूट मिळवू नये. इंजिनाजवळचा हलका डबा वळणावर आतल्या बाजूला कलंडतो.

पावसाळ्यात रुळावर काळपट थर धरतो. लिंट नसलेल्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तो पुसावा. पॉलिश पेपर लावू नये, ओरखड्यांत मळ आणखी बसतो. तेल आसाला सुईच्या टोकाएवढंच. रुळावर एक थेंब सांडला, तरी त्या जागी चाकं फिरत बसतात.

राहिला बँकर. खऱ्या घाटातल्यासारखं मागून ढकलायला गेलं, तर घरच्या तीव्र वळणावर मधले डबे बाहेर फेकले जातात. दोन्ही इंजिनं पुढंच जोडावीत. डीसीसीवर सीव्ही (डिकोडरमधल्या सेटिंग) 2, 6 आणि 5, म्हणजे सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग, दोघांचे जुळवून घ्यावेत. नाहीतर एक दुसऱ्याला ओढत राहतं. आणि आठ बाय चार फुटांच्या प्लायवर जागा असेल, तर चढण 50ला 1 करा. 7 सेंटिमीटर वर जायला 2.6 मीटरऐवजी साडेतीन मीटर लागतात. 50 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणांच्या एका फेऱ्यात ते मावतात. चढ सुरू होतो तिथं पहिले 30 सेंटिमीटर मात्र अगदी हलके वर घ्या, नाहीतर कपलिंग तिथंच सुटेल.