हीट क्युअर आणि कोल्ड क्युअर: कवळीच्या दोन गुलाबी पावडरी

कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये दोन गुलाबी पावडरींचे डबे शेजारी शेजारी असतात: उष्णतेने कडक होणारी हीट क्युअर आणि खोलीच्या तापमानातच कडक होणारी कोल्ड क्युअर. दोन्ही मुळात पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटचेच बारीक मणी, आणि दोन्हींत बेंझॉइल पेरॉक्साइड असते. खरा फरक सोबतच्या बाटलीत आहे. लिक्विड दोन्हींकडे मिथाइल मेथाक्रिलेट हेच मोनोमर, म्हणजे एकमेकांना जोडून प्लास्टिक (पॉलिमर) बनवणारे छोटे रेणू, पण कोल्ड क्युअरच्या लिक्विडमध्ये डायमिथाइल पॅरा-टोल्युइडीन हे अमाइन घातलेले असते. ते पेरॉक्साइडला खोलीच्या तापमानातच फोडते, आणि त्यातूनच मोनोमरचे पॉलिमर व्हायला सुरुवात होते. हीट क्युअरमध्ये अमाइन नाही, म्हणून तिथे हेच काम ६० अंशांपुढची उष्णता करते.

त्यामुळे बाटल्यांची अदलाबदल झाली की काम फसते. कोल्ड क्युअरच्या पावडरीत हीट क्युअरचे लिक्विड पडले, तर वाट पाहूनही ती टेबलावर कडक होत नाही. उलट झाले, तर फ्लास्क (कवळीचा प्लास्टरचा साचा धरणारी धातूची पेटी) भरण्याआधीच गोळा आवळायला लागतो.

हीट क्युअरसाठी मापाने तीन भाग पावडर, एक भाग लिक्विड घ्या आणि झाकणाच्या भांड्यात ठेवा. मिश्रण आधी वाळूसारखे, मग तार सुटणारे, आणि त्यानंतर भांड्याच्या कडा सोडणाऱ्या मऊ कणकेसारखे होते. फ्लास्क भरायचा तो या कणकेच्या अवस्थेत. आधी भरला तर दाब धरत नाही, भोके राहतात. रबरासारखे झाल्यावर भरला तर साच्यातले बारीक तपशील उठत नाहीत आणि दात हलतात. लिक्विड जास्त घालून मिश्रण पातळ करण्याचा मोह टाळा. नुसते मोनोमर पॉलिमर होताना आकारमानाने सुमारे २१ टक्के आकसते. तीनास एक प्रमाणात हे आकसणे ७ टक्क्यांच्या आसपास येते.

सर्वांत जास्त नुकसान घाईने तापवल्यामुळे होते. मोनोमर साधारण १०१ अंशांना उकळते, आणि पॉलिमर बनताना स्वतःची उष्णताही सोडते. फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात टाकला, तर जाड भागाच्या आतले तापमान उकळबिंदू ओलांडते आणि वाफेचे बुडबुडे आत कोंडतात. खालच्या कवळीची मागची जाड बाजू कापून पाहिली की ही भोके दिसतात. पातळ भागात ती सहसा नसतात, कारण तिथली उष्णता प्लास्टरमध्ये निघून जाते. म्हणून ७४ अंशांवर दोन तास, मग १०० अंशांवर एक तास. नंतर फ्लास्क अर्धा तास तसाच बाहेर ठेवून मगच गार पाण्यात घाला. गरम असतानाच उघडला तर कवळी वाकते.

इतक्या खटपटीचे मोल उरलेल्या मोनोमरच्या आकड्यात दिसते. हीट क्युअरमध्ये ते एक टक्क्याच्या आत राहते, कोल्ड क्युअरमध्ये ३ ते ५ टक्के. हे मोनोमर हिरडीला जळजळ देते आणि प्लास्टिक नरम ठेवते. शिवाय अमाइनमुळे कोल्ड क्युअर काळाने पिवळट पडते. रोज चावणारी पूर्ण कवळी त्यात करू नये, असे आमचे ठाम मत आहे.

मात्र तुटलेल्या कवळीला कोल्ड क्युअरच हवे. जुनी कवळी पुन्हा उकळली, तर तिच्यातले अडकलेले ताण सुटून ती टाळूवर बसेनाशी होते. स्पेशल ट्रे (एकाच रुग्णाच्या मापाचा, ठसा घेण्याचा ट्रे) आणि दात जागेवर धरणाऱ्या तारेच्या रिटेनरसाठीही तेच सोयीचे.

दुरुस्तीत तुकडे जुळवून मागे प्लास्टरचा साचा भरा, त्याला प्लास्टिक चिकटू नये म्हणून सोडियम अल्जिनेटचे सेपरेटर लावा. तुटलेल्या कडा तिरक्या घासून मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. कडांवर मोनोमर लावून तीन मिनिटे ओले ठेवा, म्हणजे जुन्या प्लास्टिकचा पृष्ठभाग फुगून नवे त्यात मुरते. फट थोडी वरपर्यंत भरा आणि ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात, प्रेशर पॉटमध्ये १५ मिनिटे ठेवा. दाब नसेल तर पृष्ठभागालगत भोके पडतात आणि त्यांत मळ साचतो. पॉलिश झाल्यावर एक-दोन दिवस पाण्यात बुडवून मगच रुग्णाला द्या. मोकळे मोनोमर बरेचसे तिथेच निघते.

मोनोमरची वाफ झटकन पेट घेते, म्हणून जवळ बर्नर नको. लॅटेक्सच्या हातमोज्यांतून ते सहज आरपार जाते, तेव्हा कणीक हाताळताना मध्ये पॉलिथिनचा कागद ठेवा.