फवारणीत विषबाधा झाल्यास सानुग्रह अनुदानाचा अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि मुदत

जालना, बीड, परभणीकडे ऑगस्ट-सप्टेंबरात कापूस छातीच्या वर जातो आणि फवाऱ्याचा तुषार थेट तोंडावर येतो. अशा फवारणीत विषबाधा होऊन मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले, तर राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मदत मिळते. मृत्यूसाठी तसेच दोन डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास 2 लाख रुपये, आणि एक डोळा किंवा एक अवयव गमावल्यास 1 लाख रुपये दिले जातात.

वय 10 ते 75 वर्षे असलेला वहितीधारक खातेदार (सातबारावर नाव असलेला) शेतकरी आणि सातबारावर नाव नसलेला त्याच्या कुटुंबातील एक सदस्य (आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा अथवा अविवाहित मुलगी) यासाठी पात्र आहे. रोजंदारीने पंप पाठीवर घेणारा भूमिहीन मजूर मात्र यात बसत नाही. सर्वांत जास्त फवारणी ज्याच्या वाट्याला येते तोच वगळला जावा, हे मला अन्यायाचे वाटते.

अर्ज घटनेपासून 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यावा. सातबारा, वयाचा पुरावा, मृत्यूचा दाखला आणि वारसांसाठी तलाठ्याकडील गाव नमुना 6-क (वारसांची नोंद) ही कागदपत्रे सहज मिळतात. खरी अडचण पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि व्हिसेराचा (मृतदेहातून काढलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा) रासायनिक विश्लेषण अहवाल यांची असते. या योजनेत आत्महत्या समाविष्ट नसल्याने, मृत व्यक्ती त्या वेळी शेतात फवारणी करत होती, ही नोंद पंचनाम्यातच झाली पाहिजे. दुःखाच्या घाईत ती राहून गेली, तर पुढे वारसांना ते सिद्ध करणे फार जड जाते. व्हिसेराच्या अहवालाला वेळ लागत असेल, तर हाती असलेली कागदपत्रे जोडून मुदतीत अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

मळमळ, घाम, अंधारी असा त्रास सुरू होताच रुग्णासोबत बांधावरची बाटलीही दवाखान्यात न्यावी, कारण तिच्या लेबलवर औषधातील घटक आणि विषावरचा उतारा छापलेला असतो. कृषी सेवा केंद्रातून घेतलेले पक्के बिलही फेकू नये. विक्रेत्याने ते देणे कीटकनाशक नियम, 1971 नुसार बंधनकारक आहे, आणि औषध सदोष असल्याचा संशय आल्यास कीटकनाशक निरीक्षकाकडे तक्रार करताना बिल व बाटलीवरील बॅच क्रमांक उपयोगी पडतात.