जुनी वाढायची भांडी

जुनी वाढायची भांडी : जेवताना आमटी, भाजी, कोशिंबीर, तूप वगैरे वाढण्यासाठी पूर्वी वापरात असलेली आणि आता जुन्या बाजारातून, माळ्यावरून नाहीतर आजीच्या ट्रंकेतून परत जेवणाच्या टेबलावर येत असलेली भांडी. या नोंदीत मुख्यतः मराठी घरांतली कासं, पितळ आणि तांब्याची भांडी घेतली आहेत, कारण निवडताना घोळ होतो तो याच तिघांत. ओगराळं, पळी, वाडगा, तसराळं (मोठं पसरट भांडं), गंज (उभट पातेलं) ही कशासाठी वापरतात ते वाचणाऱ्याला ठाऊक असतंच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

शंभर वर्षांपेक्षा जुनं ते अँटिक आणि त्याच्या अलीकडचं पण आता बनत नाही ते विंटेज, अशी साधारण वाटणी व्यापारात चालते. शंभर वर्षांची अट आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यातही आहे. बाजारात मात्र दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात आणि गेल्या वर्षी बनवून ॲसिडने काळवंडवलेल्या मालालाही 'अँटिक फिनिश' म्हणतात, तेव्हा शब्दावर जाऊ नये.

'ओगराळं' या शब्दाचं मूळ वादाचं आहे. जुन्या मराठीत 'वोगरणे' म्हणजे ताटात वाढणे, त्यावरून हे वाढायचं साधन, इथपर्यंत अडचण नाही. पण वोगरणे आलं कुठून? मराठी शब्दाचं मूळ संस्कृतात शोधायची आपली जुनी सवय इथेही दिसते, पण कन्नडमध्ये 'ओगर' म्हणजे शिजवलेला भात, अन्न, आणि चिंचेच्या भाताला तिथे पुळियोगरे म्हणतात (पुळि म्हणजे आंबट) हे बघितलं की शब्द दक्षिणेकडून आला असावा हेच जास्त पटतं. खोलगट वाटी, उभा दांडा आणि बादलीच्या काठावर अडकावं म्हणून वरून आकड्यासारखं वळवलेलं टोक, ही रचना हिंडत हिंडत वाढणाऱ्यासाठी आहे, टेबलासाठी नाही. तरी टेबलावर खोल भांड्यात ते फार छान बसतं.

कासं म्हणजे तांबं आणि कथिल यांचा मिश्रधातू, कथिलाचं प्रमाण बरंच जास्त, साधारण शंभरात बावीस भाग. एवढं कथिल घातलं की धातू थंड असताना ठोकला तर फुटतो, म्हणून लालभडक तापवून ठोकत ठोकत वाटी घडवायची आणि शेवटी गरम असतानाच पाण्यात बुडवायची, त्यानंच ते टिकाऊ आणि खणखणीत होतं. हे तंत्र भारतात किती जुनं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. निलगिरीतल्या दफनांमधून निघालेले अतिशय पातळ, सुबक वाडगे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि ते बाहेरून आलेले असावेत असं बराच काळ समजलं जात होतं. त्याला कारण दोन, एक म्हणजे कारागिरी फार वरच्या दर्जाची आणि दुसरं म्हणजे भारतात कथिल फारसं सापडत नाही (बस्तरकडे आहे, पण तिथलं त्या काळी काढत होते का हा वेगळा प्रश्न). पुढे जुन्या धातुकामाच्या अभ्यासक शारदा श्रीनिवासन यांनी धातूच्या नमुन्यांची तपासणी करून आणि केरळमध्ये आजही त्याच पद्धतीनं काम करणारे कारागीर शोधून हे तंत्र इथलंच असल्याचं मांडलं. तमिळनाडूतल्या आदिचनल्लूरला असे वाडगे मिळाले, आणि आपल्याकडे नागपूरजवळ माहूरझरीच्या शिलावर्तुळांमध्येही (दफनांभोवती रचलेली दगडांची वर्तुळं) जास्त कथिलाच्या काशाची भांडी मिळाली, ती इ. स. पू. पहिल्या सहस्रकातली मानतात. थायलंडमध्ये बान डॉन ता फेटला सापडलेले वाडगे याच घराण्यातले दिसतात, तिथून इकडे की इकडून तिकडे याचा निकाल अजून लागलेला नाही. एकूण पुरावा बघता आयातीचं मत आता मागे पडलंय असं म्हणायला हरकत नाही, निदान सगळेच वाडगे बाहेरचे हे तरी टिकत नाही.

पितळेची गोष्ट वेगळी. तांबं अधिक जस्त म्हणजे पितळ, पण जस्त ९०७ अंश सेल्सियसलाच उकळून वाफ होतं आणि तांबं वितळायलाच १०८५ अंश लागतात, त्यामुळे जुन्या काळी जस्ताचं खनिज, कोळसा आणि तांबं बंद मुशीत तापवून जस्ताची वाफ तांब्यात मुरवत. या रीतीनं जस्त साधारण २८ टक्क्यांच्या आसपासच चढतं असं धरतात. आणि इथेच तक्षशिलेच्या भीर टेकाडावर मिळालेलं एक भांडं पंचाईत करतं, त्यात जस्त ३४ टक्क्यांच्या वर आहे आणि काळ इ. स. पू. चौथं शतक सांगितला जातो. म्हणजे शुद्ध जस्त तेव्हाच हाताशी होतं असं काही अभ्यासक म्हणतात. बाकीचे म्हणतात की एका भांड्यावर एवढा डोलारा उभारू नये, शिवाय मुशीत काळजी घेतली तर प्रमाण थोडं जास्तही जाऊ शकतं. उदयपूरजवळ झावरला जस्ताची वाफ खालच्या बाजूला उतरवून थंड करायच्या भट्ट्या सापडल्या आहेत, पण मोठ्या प्रमाणावरचं ते काम बरंच नंतरचं, मध्ययुगातलं. तेव्हा तक्षशिलेचं भांडं सध्या एकटंच धरावं हे बरं.

आपल्या घरात निघतं ते पितळ या इतिहासापासून फार लांब आहे, ते बहुतेक एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं, आणि त्यातलं पुष्कळसं मुंबईमार्गे आलेल्या तयार पत्र्यातून घडवलेलं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत आणि नाशिकच्या बाजारात हे काम मोठं होतं. पुण्याच्या तांबटांना पेशवाईत कोकणातून आणून वसवलं असं सांगतात. घडवणारे त्वष्टा कासार आणि बांगड्यांचे कासार वेगळे, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. भांड्यावर ओळीनं छोटे छोटे चकाकणारे ठोके दिसतात ते मठारकाम. त्यानं नुसती शोभा येत नाही, पत्रा कडक होतो, आणि हाताच्या ठोक्यांत थोडा तरी वाकडेपणा असतोच. सगळे ठोके एका मापाचे, एका अंतरावर असतील तर समजावं ते मशीननं उठवलेत.

जोड बघायला शिकणं सगळ्यात उपयोगाचं. जुनं उभट भांडं उजेडाकडे तोंड करून आत बघावं, एका बाजूला वरपासून खालपर्यंत किंवा बुडाच्या कडेनं दातांसारखी नागमोडी रेघ दिसते, दोन पत्र्यांच्या कडा कातरून एकमेकांत अडकवून झाळलेल्या (वितळलेल्या धातूनं सांधलेल्या) असतात आणि झाळेचा रंग थोडा पिवळा किंवा फिकट असतो. तांब्याच्या भांड्यात ही रेघ अगदी उठून दिसते. ही दातेरी रेघ असेल तर भांडं हातानं घडवलेलं, एवढं नक्की. नसेल तर एका पत्र्यातून ठोकून काढलेलं असेल, ओतीव असेल, नाहीतर प्रेसमधून निघालेलं असेल, त्यासाठी मग काठ आणि बूड बघावं लागतं. कान किंवा कड्या रिबिटांनी बसवलेल्या असतील तर रिबिटाभोवती हिरवं जंगाल साचलंय का ते जरूर बघावं, तिथे घासणी पोचत नाही.

काळ ठरवायला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे भांड्यावर घातलेलं नाव. लग्नात, मुंजीत, रुखवतात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि बरेचदा शक घातलेला असतो. समजा वाडग्याच्या काठाखाली बारीक टिंबांनी 'शके १८५२' असं आहे, तर त्यात ७८ मिळवले की १९३० येतं (माघ-फाल्गुनातलं लग्न असेल तर १९३१). पण नाव घातलं तो शक भांड्याचा नाही, भांडं त्याच्या आधी कितीही जुनं असू शकतं, आणि घरात आधीपासून असलेल्या भांड्यावर नंतर नाव घालून भेट देणं हे काय आपल्याकडे नवीन आहे का! छिन्नीनं एकेक टिंब ठोकून घातलेलं नाव आणि विजेच्या यंत्रानं सलग थरथरत्या रेघेत घातलेलं नाव हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो, दुसरं अर्थातच अलीकडचं. वजन शेर-तोळ्यांत कोरलेलं असेल तर ते बहुधा मेट्रिक पद्धत रुळायच्या आधीचं, कायदा १९५६ चा आणि अंमल त्यानंतर टप्प्याटप्प्यानं. मोडी अक्षरं असतील तर अजून मागे जायला हरकत नाही, पण अशी भांडी फार कमी राहिलीत, मोडीतली नावं घेऊन बरीचशी मोडीत गेली. स्टील आल्यावर पितळ वजनावर देऊन स्टीलचे डबे घेतलेली घरं गल्लोगल्ली सापडतील.

धातू ओळखायचा कसा? काशाची वाटी बोटांच्या टोकांवर ठेवून दुसऱ्या हाताच्या नखानं टिचकी मारली की आवाज लांबत जातो, देवळातल्या घंटेसारखा. पितळेचा आवाज लवकर मरतो. काशाचाच आवाज बद्द येत असेल तर कुठेतरी तडा आहे, तो दिसो न दिसो, ती वाटी घेऊ नये. पडलं तर पितळेला पोचा येतो आणि काशाला तडा जातो, म्हणून पोचे असलेली 'काशाची' वाटी कोणी दाखवली तर ती कासं नव्हे. लोहचुंबक सोबत असलेलं बरं, चिकटलं तर आत लोखंड आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते, आणि गावाकडे नुसतं 'जर्मन' म्हणतात ते तर ॲल्युमिनियम, या दोघांचा चांदीशी काही संबंध नाही. काशाच्या वाटीबाबत अजून एक, ती पायाला तूप लावून घासायलाही वापरतात, जुन्या वाटीच्या बुडाला एकीकडे गुळगुळीत झिजलेलं दिसलं तर ती जेवणाच्या ताटापर्यंत कधी पोचलेलीच नसेल (धुतली की झालं, पण माहीत असलेलं बरं).

टेबलासाठी निवडताना वयापेक्षा कल्हई महत्त्वाची. तांब्या-पितळेत ताक, आमटी, सोलकढी, लिंबू पिळलेली कोशिंबीर ठेवली की ती कळकते, चव बिघडते आणि तांबं अन्नात उतरतं. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी, तसंच टवके उडून गंजलेली एनॅमलची भांडी अन्नासाठी अयोग्य धरली होती, म्हणजे ही फक्त आजीबाईंची समजूत नाही. कल्हईत भांडं भट्टीवर तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, मग कथिलाची कांडी टेकवून वितळलेलं कथिल कापसाच्या बोळ्यानं झरझर आतून फिरवतात आणि भांडं पाण्यात बुडवतात. कथिल २३२ अंशांनाच वितळतं म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नये. आत बघितल्यावर पांढऱ्या चकाकीतून लालसर किंवा पिवळे डाग दिसायला लागले की कल्हई गेली. कल्हईवाल्याला शुद्ध कथिलच लाव असं स्पष्ट सांगावं, शिसं मिसळलेलं स्वस्त पडतं पण ते जेवणाच्या भांड्यात नको. काशाला कल्हई करत नाहीत. त्यात वरण, भात, खीर, तूप असं सगळं चालतं, फार आंबट पदार्थ मात्र काशातही तासन्‌तास ठेवू नये. कल्हई करायचीच नसेल तर पितळेच्या वाडग्यात फळं, पापड, लाडू असं कोरडं ठेवावं, किंवा आत काचेचा बाऊल बसतो का बघावं, गंजात तो बरेचदा बसतो.

आकाराबद्दल थोडं. जुनी बरीच भांडी गोल बुडाची असतात, ती चुलीवर, जमिनीवर, अडणीवर (छोट्या तिवईवर) ठेवायची होती, सनमायकाच्या गुळगुळीत टेबलावर ती डुलतात आणि आमटी सांडते. त्याला कापडाची चुंबळ किंवा छोटी अडणी हाच उपाय, बूड ठोकून सपाट करून घेऊ नये, मठारकाम जातं आणि भांड्याची किंमतही जाते. धातूचं भांडं हाताला चटका देतं, त्यामुळे कान किंवा कडी असलेलं घेतलेलं बरं. चार माणसांच्या टेबलाला पंगतीतलं तसराळं आणलं तर भाजी तळाशी कुठेतरी दिसते.

पॉलिश करून सोन्यासारखं चकचकीत करावं की जुना राप ठेवावा यावर संग्राहकांत दोन तट आहेत. खायच्या बाजूनं चिंच किंवा पितांबरीनं स्वच्छ घासलेलंच हवं, बाहेरून ज्याची त्याची आवड. बफिंग मशीनवर मात्र देऊ नये, टिंबांनी घातलेली नावं त्यात पुसट होतात.

गोव्यात वेगळी परंपरा आहे. पोर्तुगीज काळात मकावमार्गे आलेली निळी-पांढरी चिनी मातीची भांडी जुन्या ख्रिस्ती घरांत, चांदोरच्या ब्रागांझा घरासारख्या ठिकाणी जपलेली दिसतात.

बघून डोळा तयार करायचा तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि अहमदाबादच्या विशाला या उपाहारगृहातलं भांड्यांचं संग्रहालय, ही दोन ठिकाणं पुरेत. खरेदीला पुण्याचा जुना बाजार बुधवारी-रविवारी आणि मुंबईत चोरबाजारातला मटन स्ट्रीट, सकाळी लवकर. परदेशात राहणारे पुष्कळ जण सुट्टीत येऊन आजीचा वाडगा बॅगेत घालून नेतात. भांडं शंभर वर्षांच्या आतलं असेल तर १९७२ चा कायदा आड येत नाही, पण त्यापलीकडचं असेल तर ते पुरावशेष ठरू शकतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून हे पुरावशेष नाही असा दाखला निघण्याआधी घेता येतो.