क्लिक-लॉक लाकडी फ्लोअरिंगचा गाभा : पार्श्वभूमी

एकमेकींत अडकवून बसवायच्या इंजिनिअर्ड (लाकडाचे थर चिकटवून केलेल्या) फळ्या निवडताना पहिला प्रश्न बहुधा वरचा ओकचा थर किती मिलिमीटरचा, हा असतो. फळी सरळ राहणार की तिच्या कडा उचलल्या जाणार, हे मात्र मुख्यतः त्या थराखालचा गाभा ठरवतो. जाडी आधी विचारण्याच्या या सवयीला बाजाराइतकेच एक युरोपीय मानकही कारणीभूत आहे.

अशा थरांच्या फळीचे पेटंट स्वीडनमध्ये 1941 साली घेतले गेले. त्यामागचा विचार साधा होता. ओला पांढरा ओक भट्टीत पूर्ण वाळवला, तर तो वाढवलयांच्या स्पर्शरेषेत सुमारे 10 टक्के आकसतो आणि लांबीच्या दिशेने जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के. म्हणून गाभ्यातील स्प्रूस किंवा पाइनच्या पट्ट्या वरच्या थराला काटकोनात ठेवल्या, की रुंदीत आकसू पाहणाऱ्या ओकला त्या धरून ठेवतात. तळाशी व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावून दोन्ही बाजूंचा ताण तोलला जातो. त्यापुढे अनेक दशके या फळ्या खाच-जिभेच्या सांध्यात गोंद भरूनच जोडल्या जात होत्या.

बिनगोंदाचा सांधा 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात लॅमिनेट फ्लोअरिंगमधून आला आणि त्याच्या हक्कांवरून एका स्वीडिश व एका बेल्जियन कंपनीत दीर्घकाळ कोर्टकचेऱ्या झाल्या. लॅमिनेटचा गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या दाट फळ्याचा. त्यात तंतूंची दिशाच नसल्याने कुलपाची, म्हणजे एकमेकींत अडकणाऱ्या सांध्याची, नक्षी चारही कडांवर सारख्याच अचूकतेने कापता येते. तीच नक्षी पट्ट्यांच्या गाभ्यात कापायला घेतल्यावर अडचण लक्षात आली. लांब कडेला जीभ पट्ट्यांच्या टोकांतून, म्हणजे तंतूंच्या दिशेने बाहेर येते आणि मजबूत राहते. आखूड कडेला मात्र पट्टी कडेला समांतर असल्याने जीभ तंतूंच्या रेषेतच चिरण्याचा धोका असतो. म्हणून अशा अनेक फळ्यांत टोकाशी प्लायवूडची किंवा एचडीएफची पट्टी घातलेली दिसते, तर काहींत प्लास्टिकची जीभ. तुलना करताना नमुन्याचे आखूड टोक पाहावे ते यासाठी.

वाद खरा आहे तो 2.5 मिलिमीटरच्या रेषेचा. 2002 मध्ये आलेल्या युरोपीय मानकाने वरचा थर किमान 2.5 मिलिमीटरचा असेल तरच फळीला बहुस्तरीय पार्केट (लाकडी फरशी) मानले; त्याहून पातळ थराची फळी व्हिनियर फ्लोअरिंगच्या वेगळ्या मानकात गेली. जाडीच्या बाजूने दिले जाणारे कारण योग्यच आहे : एकदा फरशी घासून नव्याने पॉलिश करताना साधारण अर्धा मिलिमीटर किंवा अधिक लाकूड जाते, तेव्हा पातळ थर दुसऱ्यांदा घासता येतोच असे नाही. परंतु गाभा कसा आहे, हे या वर्गवारीत मोजलेच जात नाही. परिणामी बर्चच्या अनेक थरांच्या उत्तम प्लायवर बसवलेला 2 मिलिमीटरचा ओक खालच्या वर्गात जातो आणि कमकुवत गाभ्यावरचा 3 मिलिमीटरचा ओक वरच्या वर्गात. शिवाय वरचा थर जितका जाड, तितका तो कोरड्या हवेत गाभ्याला अधिक जोराने ओढतो आणि फळी रुंदीत वाटीसारखी होते. एकूण जाडी तीच ठेवून वरचा थर वाढवला, तर कुलपासाठी उरणारे लाकूडही घटते. घासण्याची सोय आणि स्थिरता या दोन वेगळ्या मागण्या असताना मानकाने पहिलीला नाव दिले. दुसरी विक्रेत्याच्या शब्दावर सोडली, असे म्हणणे फारसे अन्यायाचे होणार नाही.

एचडीएफ आणि प्लाय यांची तुलनाही सरळ नाही. एचडीएफची कुलपे घट्ट बसतात, पण सांध्यातून पाणी शिरले की कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. प्लायचे आडवे-उभे थर एकमेकांना रोखतात. मात्र आतल्या थरांत पोकळी असेल तर नेमके तिथेच कुलूप तुटते. आपल्याकडे बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लाय म्हटले की ग्राहक निर्धास्त होतो, परंतु ती श्रेणी गोंदाच्या पकडीविषयी सांगते. लाकूड हवेतील ओलावा घेणे थांबवत नाही. पार्केटच्या त्या युरोपीय मानकानुसार कारखान्यातून निघताना फळीत 5 ते 9 टक्के ओलावा असतो. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या खिडक्यांच्या खोलीत आर्द्रता 85 टक्क्यांवर टिकली, तर लाकूड हळूहळू 17 टक्क्यांच्या आसपास जाऊ पाहते. अशा वेळी भिंतीलगत सोडलेली सुमारे 10 मिलिमीटरची फट फर्निचरने किंवा सिमेंटने बुजवली असेल, तर चांगला गाभासुद्धा मधोमध उचलला जातो.

अलीकडे पीव्हीसी आणि चुनखडीच्या भुकटीपासून केलेल्या एसपीसी गाभ्यावर अतिशय पातळ अस्सल व्हिनियर चिकटवलेल्या फळ्याही विकल्या जात आहेत. तो गाभा ओलाव्याने जवळजवळ हलत नाही. तो उष्णतेने प्रसरण पावतो, त्यामुळे पश्चिमेच्या मोठ्या काचेलगतच्या उन्हात त्याचाही सांधा तपासला जातो.