छातीतला खड्डा आणि ३.२५ चा आकडा

छातीचं मधलं हाड जन्मतः आत दबून खड्डा पडतो (पेक्टस एक्सकॅव्हॅटम). पुण्यात अशा एखाद्या मुलाच्या छातीत तो खड्डा उचलणारा बार, म्हणजे धातूची पट्टी, बसवायचं ठरलं की घरात वेदनेच्या आधी विम्याची चर्चा सुरू होते. हा उपचार की नुसती सौंदर्यशस्त्रक्रिया? वैद्यकीय गरज दाखवायला फाइलमध्ये बहुधा एकच आकडा पुढे केला जातो, तो म्हणजे खड्डा किती तीव्र हे सांगणारा हॅलर इंडेक्स.

१९४९ पासून रुळलेल्या पद्धतीत छाती समोरून उघडून बरगड्यांच्या वाकड्या कूर्चा (टोकाचा लवचिक भाग) काढत आणि मधलं हाड सरळ करत. फार लहान वयात एवढी कापाकापी झालेल्या काही मुलांची छाती पुढे वाढलीच नाही, हे १९९० च्या दशकात समोर आलं. तोवर अमेरिकेतल्या एका बालशल्यचिकित्सकाने १९८७ पासून वेगळी वाट धरली होती. काखेखाली छोटे छेद घ्यायचे, वाकवलेली धातूची पट्टी हाडामागून सरकवायची आणि उलटी फिरवून खड्डा आतून उचलायचा. कूर्चा कापायची नाही. १९९८ मध्ये ४२ मुलांचा अनुभव छापून आला आणि ही पद्धत जगभर पसरली. हृदयाला इजा होण्याचा धोका लक्षात आल्यावर पट्टी सरकवताना आत पाहायला दुर्बीण आली. सुरुवातीचे रुग्ण चिमुरडे होते, आता बहुतेक किशोरवयीन असतात.

इंडेक्सही १९८७ चाच. छातीची आतली रुंदी भागिले खड्ड्याच्या तळापासून मणक्यापर्यंतचं अंतर. निरोगी छातीत तो अडीचच्या आसपास येतो, ३.२५ च्या वर गेला की शस्त्रक्रियेचा विचार. ही रेषा आली कुठून? ज्यांची शस्त्रक्रिया आधीच ठरली होती, अशा मोजक्या रुग्णांच्या सीटी स्कॅनमधून. म्हणजे निर्णय आधी आणि निकष नंतर! शिवाय श्वास घेतलेला की सोडलेला यावर आकडा हलतो, आणि मुळात रुंद, चपट्या छातीत खड्डा उथळ असूनही तो फुगतो. हृदय किती दबलंय, हे तर त्यात थेट दिसतच नाही. तरी अर्जात लिहायला तो सोपा, म्हणून टिकला.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून ही शस्त्रक्रिया नेहमीच्या यादीतून काढली. पुढे अतितीव्र रुग्णांपुरतं दार किलकिलं झालं. आपल्याकडच्या विमा नियमांत सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असली, तरी वैद्यकीय गरज असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर अपवाद आहे. त्यामुळे नुसत्या इंडेक्सवर न थांबता हृदयाची सोनोग्राफी आणि श्वसनचाचणीही फाइलला जोडलेली बरी.