खाऱ्या वाऱ्यातलं घड्याळ

मृग बरसला की कोकणात घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. बरणीत पावसाचा थेंबही शिरलेला नसतो. मीठ हवेतली वाफ ओढून घेतं आणि तिच्यातच विरघळतं. शुद्ध मिठाच्या बाबतीत हे हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की घडतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागतं. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे घामातून आणि लाटांच्या तुषारांतून घड्याळावर जे मीठ बसतं, ते पावसाळाभर सुकतच नाही. पट्ट्याच्या कड्यांमध्ये, चावीच्या मुळाशी, मागच्या झाकणाच्या खाचेत त्याचं खारं पाणी होऊन दिवसरात्र मुरत राहतं.

नवीन घड्याळ घेताना दुकानात आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'वॉटरप्रूफ आहे ना?' किनाऱ्यावर राहणाऱ्याने आधी मिठाचा विचार करावा, असं माझं ठाम मत आहे. नुसतं पाणी लागलं तर ते पुसता येतं. मीठ मात्र दिसत नाही, आणि त्याचं काम दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही, असं आपण धरून चालतो. त्या पोलादात क्रोमियम असतं, निदान साडेदहा टक्के. हवेतला ऑक्सिजन मिळाला की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि आतल्या लोखंडाला तोच जपतो. ओरखडा पडला तरी थर पुन्हा धरतो, पण त्यासाठी ऑक्सिजन हवा. दोन कड्यांमधल्या केसाएवढ्या फटीत खारं पाणी अडकलं की तिथला ऑक्सिजन संपतो, नवा आत पोचत नाही. थर दुबळा होतो, मिठातले क्लोराइड आयन फटीत गोळा होतात, पाणी आम्लधर्मी होत जातं आणि धातू आतून पोखरायला लागतो. म्हणून घड्याळ वरून चकचकीत आणि पिनांपाशी तांबूस, असं दिसतं. ३१६एल जातीच्या पोलादात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडला बरंच तोंड देतं. घेताना केस, म्हणजे घड्याळाचा बाहेरचा डबा, आणि पट्टा दोन्ही ३१६एलचे आहेत का, हे जरूर विचारावं. पितळेवर मुलामा दिलेली स्वस्त घड्याळं इथे लवकर कळकतात. मुलाम्याला बारीक छिद्रं असतात, त्यांतून घाम पितळेपर्यंत पोचतो आणि कडेला हिरवट कळंक धरतो.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे पट्टा आणि केस जोडणारी स्प्रिंगची पिन. जेमतेम दीड मिलिमीटर जाडीची नळी, तिच्या पोटात बारीकशी स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना आत-बाहेर सरकणारी टोकं. नळीत खारं पाणी शिरलं की ते बाहेर यायला वाटच नाही. स्प्रिंग गंजते, टोक आत अडकतं आणि एक दिवस घड्याळ हातातून निसटतं. होडीत किंवा जेटीवर निसटलं तर संपलंच. दर पावसाळ्यानंतर या दोन पिना बदलून घ्याव्यात. त्या फार स्वस्त असतात.

उपाय साधा आहे: गोडं पाणी. समुद्रावरून आल्यावर, आणि घामाच्या दिवसांत रोज रात्री, चावी घट्ट आत आहे याची खात्री करून घड्याळ नळाखाली धरावं. लहान मुलांच्या मऊ ब्रशने कड्या आणि झाकणाची कड घासावी, सुती फडक्याने टिपून पंख्याखाली ठेवावं. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ होतं. तेव्हा पिण्याचं पाणी वापरा, नाहीतर धुतल्यानंतरही मीठ मागे राहतंच. पाण्यापासून संरक्षण नसलेल्या घड्याळाला, म्हणजे घरातल्या जुन्या चावीच्या एचएमटीसारख्यांना, फक्त ओलसर फडकं पुरे. चामड्याचा पट्टा जूनमध्ये काढून ठेवून नायलॉनचा किंवा रबरी लावावा, कारण चामड्याला बुरशी येतेच. डास पळवणाऱ्या काही मलमांत डीट नावाचं रसायन असतं. ते बऱ्याच प्लॅस्टिकना विरघळवतं, तेव्हा मलम लावल्यावर हात धुऊन मगच प्लॅस्टिकच्या काचेच्या घड्याळाला हात लावावा.

दुसरी तक्रार हमखास ऐकू येते ती धुक्याची. बाहेरून एसीच्या खोलीत गेल्यावर काचेच्या आतून धुकं धरतं आणि लोक घाबरतात. हिशेब करून पाहू. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हवेचा दवबिंदू, म्हणजे तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, सुमारे २७ अंश असतो. अशा हवेत घड्याळ उघडून बंद केलं, तर तीच हवा आत कोंडली जाते. बँकेतला एसी २३ अंशांवर असेल तर काच २७ च्या खाली जाते आणि आतली वाफ काचेवर दव होऊन बसते. आत कोंडलेल्या एका घनसेंटिमीटर हवेत पाणी असतं जेमतेम २५ मायक्रोग्रॅम. ते धुकं दोन-चार मिनिटांत विरलं आणि पुन्हा क्वचितच आलं, तर काळजीचं कारण नाही. धुकं तासन् तास राहिलं किंवा थेंब दिसले, तर मात्र बाहेरचं पाणी आत येतंय.

शंका असेल तर घरीच तपासता येतं. घड्याळ पालथं न ठेवता, झाकणाची बाजू खाली करून, ४० अंशांच्या आसपास कोमट असलेल्या ताटलीवर अर्धा तास ठेवा. मग काचेच्या मधोमध गार पाण्याचा एक थेंब सोडा आणि मिनिटभराने टिपून घ्या. थेंबाखाली आतून धुकं उमटलं तर आत ओल आहे. घड्याळ तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातही जवळजवळ हीच चाचणी आहे. ओल सापडली तर घड्याळ तांदळात पुरून ठेवू नका. बंद झाकणातून तांदूळ काही ओढत नाही, उलट चावीपाशी पीठ साचतं. घड्याळजीकडून उघडून, सुकवून, नवीन रबरी वायसर घालून घ्यावा.

आता झाकणावरचे आकडे. '३० मीटर' म्हणजे ३० मीटर खोल बुडी मारा असं नव्हे. नव्या कोऱ्या घड्याळाने प्रयोगशाळेत तेवढा स्थिर दाब सोसलेला असतो, इतकाच त्याचा अर्थ. व्यवहारात ३० म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं, ५० म्हणजे थोडंफार पोहणं, १०० म्हणजे तारकर्लीला स्नॉर्केलिंग. पाणबुड्यासाठी २०० मीटरचं, खास पाणबुड्यांसाठीच्या मानकाचं घड्याळ हवं. हात जोरात मारल्याने दाब प्रचंड वाढतो, अशी एक समजूत पसरलेली आहे. सेकंदाला पाच मीटर वेगाने हात मारला, तरी वाढणारा दाब सव्वा-दीड मीटर खोल पाण्याइतकाच भरतो. खरं नुकसान करतात ते म्हातारा झालेला वायसर, अर्धवट बसलेली चावी आणि तापमानातला झटका. होडीच्या फळीवर उन्हात ठेवलेलं घड्याळ सहज ५० अंशांवर जातं. ते घालून २८ अंशांच्या पाण्यात उडी मारली की आतली हवा आकसते आणि दाब सुमारे सात टक्क्यांनी पडतो. ७० सेंटिमीटर पाण्याच्या ओढीइतकी ही ओढ, ती आतूनच लागते. वायसर चांगला असेल तर काहीच होत नाही; चावी सैल असेल तर एवढी ओढ पुरते.

म्हणून नवीन घड्याळ लावताना पहिली ओळख चावीशी करून घ्यावी. आट्याची चावी असेल तर ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सोडवायची; बसवताना हलकेच आत दाबून सुलट फिरवायची. जोर लावावा लागला तर आटे तिरपे बसतायत. थांबा, सोडवा, पुन्हा धरा. साधी चावी एका टप्प्यावर ओढली की तारीख, दुसऱ्या टप्प्यावर काटे. तारीख रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान चावीने बदलू नये. त्या वेळी तारखेच्या चक्राला पुढे ढकलणारा दाता त्यात अडकलेला असतो आणि झटकन फिरवलं तर तो मोडू शकतो. आधी काटे पुढे फिरवत न्या. तारीख उडाली की ती मध्यरात्र समजा. तसेच पुढे सहापर्यंत या, मग आदल्या दिवसाची तारीख लावा आणि काटे पुढे नेत आजच्या दिवसात या. तारखेच्या चक्राला ३१ दाते असतात, त्यामुळे फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर, असं वर्षातून पाचदा ती हाताने सुधारावी लागते.

वेळ मोबाइलवरून लावा. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या सीझियमच्या आण्विक घड्याळांवरून राखली जाते. ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि रत्नागिरी आहे ७३.३ अंशांवर. त्यामुळे घड्याळात बारा वाजतात तेव्हा रत्नागिरीत खरी मध्यान्ह व्हायला सरासरी ३७ मिनिटं बाकी असतात. अंगणात काठी रोवून तिची सर्वांत आखूड सावली कधी पडते हे मुलांना जरूर पाहू द्या. ऋतूप्रमाणे ती वेळ पाव तासापर्यंत मागेपुढे होते, हेही त्यांना सापडेल.

लावलेली वेळ किती टिकते, हे सेलच्या आणि यांत्रिक घड्याळात वेगळं आहे. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा बारीक चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला नेमका एक ठोका उरतो. तो चिमटा २५ अंशांच्या आसपास सर्वांत नेमका चालतो आणि तिथून दहा अंश सरकलं तर दिवसाला सुमारे ०.३ सेकंद मागे पडतो. कोकणात वर्षभर तापमान त्या पट्ट्यातच राहतं. पोलादाला वाईट असलेली ही हवा क्वार्ट्झला मात्र मानवते. नागपूरच्या ४३ अंशांत उघड्यावर ठेवलेलं तेच घड्याळ दिवसाला जवळजवळ एक सेकंद हरवेल.

यांत्रिक घड्याळाला दिवसाचे ८६,४०० सेकंद मोजायचे असतात. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं, म्हणजे नेमक्या चालीचं, प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यंत्रालाही सरासरी दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. नवीन घड्याळ दहा सेकंद पुढे गेलं म्हणून लगेच घड्याळजीकडे धावू नका. आधी रोज एकाच वेळी मोबाइलशी ताडून आकडा लिहा. रात्री घड्याळ डायल वर करून आणि चावी वर करून ठेवून पाहा. स्थितीनुसार चाल बदलते आणि दिवसातला फरक रात्री भरून निघू शकतो. एकाएकी मिनिटांनी पुढे पळायला लागलं, तर चुंबकाचा संशय घ्या: मोबाइलचा स्पीकर, पर्सचा खटका. चाल राखणाऱ्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि चाल वाढते. घड्याळजी चुंबकत्व काढून देतो.

धातूच्या पट्ट्याच्या कड्या कमी करताना आतल्या बाणाच्या दिशेनेच पिन ठोकून बाहेर काढावी आणि दोन्ही बाजूंनी सारख्याच कड्या काढाव्यात. मे महिन्यात मनगट सुजतं, तेव्हा करंगळी आत सरकेल एवढी ढील हवी.

सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला की सेल संपत आलाय. तो लगेच बदला. मेलेला सेल आतच राहिला तर पाझरतो आणि त्यातला अल्कली सर्किट खातो. शक्य असेल तर हे काम ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या दिवसांत, नाहीतर एसी असलेल्या दुकानात करा, म्हणजे आत कोंडणारी हवा कोरडी राहील. झाकण बंद करण्याआधी नवीन वायसर आणि त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात मागून घ्या.