पार्श्वभूमी : गिरणीतल्या धोट्यापासून ऑफिसच्या सुट्ट्यांपर्यंत

लोअर परळच्या काचेच्या इमारतींत हल्ली 'सांस्कृतिक विविधता' साजरी होते. कुणी नऊवारी नेसून येतं, कुणी मुंडू, आणि दुपारी घरून आणलेले पदार्थ एकमेकांना वाढले जातात. याच जमिनीवर पूर्वी गिरण्या होत्या. वेगवेगळ्या गावांची, जातींची, धर्मांची माणसं एका छपराखाली आणण्याचं काम मुंबईत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर त्यांनीच केलं. त्या इतिहासात फराळ कमी आणि झगडा जास्त आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत रत्नागिरीचे कोकणी, सातारा-कोल्हापूरचे घाटी, उत्तरेकडचे भय्ये, मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली असे सगळे गिरणगावात आले. पण एका गिरणीत असले तरी ते एकत्र होतेच असं नाही. भरती जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, हातात असे आणि जॉबर आपल्या गावची, नात्यातली माणसं आणी. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. त्यामुळे एकेका खात्यावर एकेका समाजाचा शिक्का बसला. राहणंही तसंच: एका गावाचे लोक एकाच खोलीत, जेवण ठरलेल्या खानावळीत.

सगळ्यात बोचणारी गोष्ट विणकाम खात्याची, म्हणजे साच्यांची (गिरणीच्या भाषेत साचा म्हणजे माग). तिथे पगार जास्त होता, पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितलं जाई ते धोट्याचं. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. कांडी संपली की नवी घालून सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा दुसऱ्या कामगाराच्याही तोंडाला लागे. विटाळाच्या या समजुतीपायी कित्येक माणसं कमी पगाराच्या कताई खात्यातच अडकली. पाण्याची भांडीही वेगळी असत. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि विणकाम खातं सर्वांना खुलं करण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांना मान्य करावी लागली. माझ्या मते मुंबईच्या कामाच्या ठिकाणी विविधतेचा खरा प्रश्न तिथे पहिल्यांदा उघडपणे मांडला गेला. वेगळ्या माणसाचं कौतुक करण्याआधी त्याला त्याच साच्यावर उभं राहू द्यायचं की नाही, हा तो प्रश्न. संघटनेतल्या सोबत्यांनाही तो टोचला, कारण मालकाशी लढणं त्यांना सवयीचं होतं, आपल्याच रांगेतल्या भेदाशी नव्हतं.

त्याआधी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली होती. रविवारची साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये मिळाली ती त्यांच्या चळवळीमुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हा मुद्दाही त्यांनी मांडला होता. साहेबाचा चर्चचा दिवस आणि कामगाराचा देवाचा दिवस असे एकाच सुट्टीत बसले. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर राणीबागेत ऐक्यासाठी सभा भरवणारेही लोखंडेच. ज्या कामगारांना सकाळी एकाच भोंग्यावर जायचं होतं, त्यांच्यात तेढ राहून चालणार नव्हतं.

सुट्ट्यांच्या यादीतही हा इतिहास दिसतो. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याच्या (धनादेश, हुंड्या अशा कागदांविषयीचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम २५ खाली राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करतं. त्यात गणेश चतुर्थी, रमझान ईद, गुड फ्रायडे, महावीर जयंती, गुरुनानक जयंती, आंबेडकर जयंती आणि पारशी नववर्षही असतं.

जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. बऱ्याच गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत आणि त्यांच्या आवारांत मॉल आणि ऑफिसं आली. जॉबर गेला, पण ओळखीच्यांनाच आधी बोलावण्याची सवय 'रेफरल'च्या नावाने टिकली. डब्यात मासे असले की कुठल्या टेबलावर बसायचं, हे आजही कित्येक जण आधी आजूबाजूला बघूनच ठरवतात.